राखेखालचा दगड

हे मी अजून कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, पुण्याला आईपाशीही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल कदाचित — तुम्हाला सांगायला जमेल असं वाटतंय.

नवऱ्याला कोबेत नोकरी लागली तेव्हा मी त्याच्याबरोबर आले, इथल्याच विद्यापीठात पुरातत्त्वात पीएचडी केली आणि आता तिथेच शिकवते. जपानच्या बेटांवर माणूस पहिल्यांदा कधी आला, हा माझा विषय. या विषयात काम करणाऱ्याला माझं नाव टाळून पुढे जाता येत नाही. कितीतरी जणांचे प्रबंध मला सापडलेल्या एका दगडावर उभे आहेत. अंगठ्याएवढा, एका बाजूने धार काढलेला.

त्या दगडाबद्दलच सांगायचंय. पण आधी मोरिता-सान.

त्या माझ्याबरोबरच पीएचडी करत होत्या. मी शाकाहारी, तर उत्खननावर असताना त्या कोन्बिनीतून, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानातून, माझ्यापुरता मासे नसलेला ओनिगिरी, भाताचा गोळा, शोधून आणायच्या. माझं जपानी तेव्हा कच्चं होतं. प्राध्यापकांसमोर अडले की त्या शेजारून हळूच शब्द पुरवायच्या. अशा बाईशी —

थांबा. क्रमाने सांगते.

क्यूशूतल्या एका डोंगरउतारावर आमचा खड्डा होता. त्याच्या भिंतीत ज्वालामुखीच्या राखेचा पिवळसर पट्टा दिसायचा. पट्ट्याच्या वर दगडी हत्यारं मिळत होती, खाली काहीच नाही. खाली एक जरी मिळालं असतं, तर माणूस ती राख पडायच्या आधीच इथे पोचला होता, असं ठरलं असतं. आम्ही सगळेच त्यासाठी झुरत होतो.

एका सकाळी आम्ही दोघी बाकीच्यांच्या आधी वर गेलो तर पावसाने भिंतीचा एक तुकडा ढासळलेला. तो फक्त आम्हीच पाहिला. मोरिता-सान ताडपत्री आणायला खाली गाडीपर्यंत गेल्या. मी पडलेल्या मातीत हात घातला आणि दगड लागला. तो राखेच्या वरून आला की खालून, हे कुणालाच सांगता आलं नसतं. मलाही नाही. मग मी काय केलं? तो राखेच्या खालच्या मातीत ठेवला. अंगठ्याने दाबला. ढासळलेली माती बादलीने बाहेर टाकली, भिंत खुरप्याने सारखी केली आणि सगळ्यांना हाक मारली.

संध्याकाळी मोरिता-सान प्राध्यापकांना म्हणाल्या, "सकाळी तिथली भिंत पडली होती. दगड वरून आलेला असू शकतो."

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. "पडली होती?"

"नाही," मी म्हणाले. "त्या शेजारच्या खड्ड्याबद्दल बोलत असतील. दमल्यात त्या."

किती सहज निघालं तोंडातून. तेव्हा शब्द कुणी पुरवावे लागले नाहीत.

पुढे माझा निबंध छापून आला, नोकरी मिळाली, परिषदांची बोलावणी येऊ लागली. मोरिता-सान चर्चासत्रात आणखी एकदा भिंतीबद्दल बोलल्या, तेव्हा लोक हसले. जळते, म्हणाले. तिच्या निरीक्षणावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले — आणि मी चहा पीत राहिले. हळूहळू त्यांना उत्खननावर कुणी नेईना. त्यांनी पीएचडी अर्धवट सोडली. मला काय वाटलं? खोटं कशाला सांगू, हलकं वाटलं.

गेल्या शरद ऋतूत कोबेच्या स्टेशनवर त्या अचानक भेटल्या. केस पिकलेले. एका गावच्या संग्रहालयात शाळेच्या मुलांना माहिती सांगतात. माझ्या दगडाचीही सांगतात, म्हणाल्या. मग दोन्ही हात पुढे जुळवून वाकल्या.

"त्या वेळी मी उगाच तुमच्यावर शंका घेतली," त्या म्हणाल्या. "भिंत पडलेली मला अजूनही आठवते. पण सगळे इतकं सांगतात, तर मीच चुकले असणार. माफी मागायची राहून गेली होती."

गाडी यायला अवकाश होता. गर्दीही नव्हती. सांगता आलं असतं.

"अहो, काही हरकत नाही," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा सैल झाला. डोळे भरून आले. माझे हात हातात घेऊन त्यांनी आभार मानले — आणि मी ते मानू दिले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाच्या वर्गात मी तो दगड शिकवला.