चौथ्या पानावरचा 'लार्जली'

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे मात्राबाई म्हणत. काना-मात्रेचाही फरक खपवून घेत नाहीत म्हणून कुणीतरी चिडून ठेवलेलं नाव, पण बाईंनी ते पदवीसारखं मिरवलं. इंग्रजीत झालेल्या चौकश्यांची, सुनावण्यांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि जशीच्या तशी टाइप करायची, हे आमचं काम. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद. बावीस वर्षं ते पेडल दाबून बाईंची उजवी चप्पल नेहमी डावीच्या आधी झिजायची.

मी नवीन लागले तेव्हा त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी मला पहिला धडा दिला तो स्पेलिंगचा नव्हता.

"इंग्रजी बोलणारा माणूस कारण सांगायला लागला की 'बिकॉज'च्या आधी कान टवकारायचे," त्या म्हणाल्या. "तिथं तो हळूच एक शब्द ठेवतो. 'सिंपली बिकॉज' म्हणाला, म्हणजे पुढं विचारू नका. 'प्रिसाइजली बिकॉज' म्हणाला, म्हणजे तुम्ही ज्याला अडचण म्हणताय तेच त्याचं कारण आहे. आपलं एका 'च'वर भागतं, 'म्हणूनच' म्हटलं की झालं. त्यांना अख्खा शब्द लागतो. तो गाळलास तर माणूस बोलला एक आणि तू लिहिलंस दुसरंच."

मला तेव्हा वाटलं, बाईंना दुसरा उद्योग नाही.

मग एका कारखान्याचं रेकॉर्डिंग आलं. बॉयलर सांभाळणाऱ्या एका माणसाला गैरहजेरीचं कारण दाखवून कामावरून काढलं होतं आणि त्यानं दाद मागितली होती. का काढलं, असं विचारल्यावर मॅनेजर म्हणाला, 'लार्जली बिकॉज ही वॉज ॲबसेंट.' बऱ्याच अंशी गैरहजेरीमुळे. बाईंनी तसंच टाइप केलं आणि शेवटच्या पानावर, 'ऐकलं तसंच लिहिलं' या ओळीखाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा अधिकारी कागद न्यायला आला. उभ्या उभ्या वाचता वाचता चौथ्या पानावर अडकला आणि तडक आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरला. बाईंना बोलावणं आलं. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी टाइप करायचं सोंग केलं.

"बाई, तो 'लार्जली' काढा," साहेब म्हणाले. "मजकूर स्वच्छ द्यायचा, असा आपला नियमच आहे."

"'अं' काढलेत, खोकला काढलाय. हा शब्द आहे, खोकला नाही."

"एका शब्दानं काय आभाळ कोसळणार आहे?"

"नसेल कोसळणार, तर राहू द्या की."

अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाला, "अहो, आमच्या मॅनेजरांची ती बोलायची लकब आहे. सवय."

"सवय?" बाई बाहेर आल्या, टेबलावरची वही उचलून परत गेल्या. "दोन तासांत तुमच्या मॅनेजरांनी अकरा वेळा कारणं सांगितली. उशीर का झाला? लिफ्ट बंद होती. खिडकी का लावली? बाहेर आवाज होता. दहा वेळा नुसतं 'बिकॉज'. शेपूट फक्त याच एका कारणाला. ही कसली सवय? चला, ऐकवते."

अधिकारी ऐकायला आला नाही.

"मग मी दुसऱ्या कुणाकडून करून घेतो," साहेब म्हणाले.

"घ्या. पण तिथं माझी सही राहणार नाही. आणि कुणी विचारलं तर का नाही, ते सांगीन. ध चा मा करायला मी इथं बसले नाही, साहेब."

साहेबांनी आमच्याकडे नजर फिरवली. एकीनंही मान वर केली नाही. शेवटी अधिकारी 'लार्जली'सकट कागद घेऊन गेला आणि बाईंची रवानगी तळमजल्यावर झाली, जुन्या टेपांना चिठ्ठ्या चिकटवायला.

जेवणाच्या सुट्टीत मी खाली जायची. बाईंचे यजमान शिंपी. ते काय म्हणाले, असं मी एकदा विचारलं. "म्हणाले, तू कशासाठी भांडलीस ते मला कळलं नाही, पण जिंकलीस का? म्हटलं, शब्द तिथंच आहे. म्हणाले, मग जेवायला वाढ."

दोन महिन्यांनी पुढच्या सुनावणीचं रेकॉर्डिंग माझ्या टेबलावर आलं. बॉयलरवाल्याचा वकील विचारत होता, "तुम्ही 'लार्जली' म्हणालात. बऱ्याच अंशी गैरहजेरी. मग उरलेलं कारण कोणतं?"

नंतर काहीच नाही. मशीन बिघडलं वाटून मी टेप मागे घेतली. खुर्ची करकरली, कुणीतरी पाणी प्यायलं. मग मॅनेजरचा आवाज, बारीक: झडप तपासलेलीच नव्हती, म्हणून तपासणीच्या कागदावर सही करायला त्या माणसानं नकार दिला होता.

मी हेडफोन-मशीन उचललं आणि जिना उतरले. बाईंनी उभ्यानंच ऐकलं. एकदा. डोळे पुसले. पाणी आलं होतं की धूळ गेली होती, मला सांगता येणार नाही. "मधला गप्पपणा लिहिलास ना? किती सेकंद ते मोज," एवढंच म्हणाल्या.

बॉयलरवाला कामावर परत गेला. वरच्या मजल्यावर कुणी टाइपिस्ट आपल्यासाठी अडून बसली होती, हे त्याला कधीच कळलं नाही.

साहेबांनी बाईंना बोलावलं. "या परत वर. फक्त यापुढं गिऱ्हाइकासमोर वाद नको."

"'फक्त' लावलंत ना, मग मी खालीच बरी."

त्या खरंच खाली गेल्या. तीन आठवडे साहेबांनी दम धरला. वर कामाचा ढीग साचला, दोन वकिलांनी बाईंच्या सहीशिवाय कागद घ्यायला नकार दिला, तेव्हा ते स्वतः जिना उतरून म्हणाले, "या. अट नाही."

बाईंनी आपली खुर्ची स्वतः उचलून वर आणली, कुणाला हात लावू दिला नाही. बसल्या, पहिलीच फाइल उघडली आणि साहेबांनी पेन्सिलीनं खोडलेला एक 'ओन्ली' पुन्हा जागेवर घातला.