रुपालीच्या फायली पुण्याला निघाल्या

सकाळी मी मटार सोलत बसले होते आणि आमचे हे दाढी करता करता रेडिओवरच्या बातम्यांशी भांडत होते, तेवढ्यात दार वाजलं. पाहते तर रुपाली. काखेत लॅपटॉप आणि पायांत दोन वेगळ्या चपला.

रुपाली इथे बुंदेलखंडात, नगरा मोहल्ल्यात, आमच्या मागच्याच गल्लीत राहते. माहेर साताऱ्याचं, नवरा फौजेत, जवळच्या बबीन्याच्या छावणीत. आमचं हिंदीत मुरलेलं मराठी ऐकून ती मनापासून हसते. शिकलेली मुलगी, पण दर बदलीला हातातली नोकरी सुटत गेली. आता पुण्याच्या एका संस्थेनं घरबसल्या काम दिलंय. बुंदेलखंडातल्या विहिरींच्या पाण्याच्या नोंदी तिथल्या मोठ्या संगणकावर पाठवायच्या. तो पुष्कळ जणांचा सामायिक आहे, प्रत्येकाची वेळ ठरलेली. हिची पहिली वेळ आज दुपारपर्यंतची, आणि तिच्या गल्लीतल्या खोदकामात इंटरनेटची तार तुटलेली. फायली गेल्या नाहीत तर ती वेळ दुसऱ्याला मिळणार होती.

चाचणीपुरती एकदा केलेली जोडणी ती आमच्या वायफायवर पुन्हा करू लागली, तर पडद्यावर इशारा आला: पलीकडच्या संगणकाची ओळख पहिल्यासारखी राहिलेली नाही.

हे गालावरच्या फेसासकट येऊन उभे. “अगं बेटा, यस दाबून टाक ना. क्या फर्क पड़ता है?”

“काका, पलीकडे दुसराच कुणी असला तर? माझा पासवर्ड त्याच्या हाती जाईल. तिथे बाकीच्यांचंही काम आहे.”

घड्याळ पुढे पळत होतं आणि ही शांतपणे पुण्याला फोन लावत होती. तिथल्या माणसानं सांगितलं की मशीन काल बदललंय. तिचं तेवढ्यावर भागेना. नव्या मशीनची ओळखखूण तिनं त्याला वाचायला लावली, आणि मला पडद्यावरची अक्षरं बोटानं जुळवायला बसवलं. एकेक अक्षर जुळत गेलं. शेवटचंही जुळलं.

मग फायली निघाल्या. टक्के चढायला लागले तसे हे नळाखाली लावलेली बादली विसरले, मी कुकर विसरले. पुण्याहून सगळं नीट पोहोचल्याचा निरोप आला तेव्हा यांनी टाळ्याच वाजवल्या. रुपालीनं डोळे पुसले.

“काकू,” ती म्हणाली, “मी घरात असले की मी कामावर आहे असं येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाच वाटत नाही. रोज दुपारी दोन तास मला इथे बसू द्याल?”