ताईंच्या तीन खुंट्या

ताई गेल्याचा फोन शेजारच्या वाण्याकडे आला. मी निरोप ऐकला, 'बरं' म्हटलं आणि तूरडाळ घेऊन घरी आले... रडू दुसऱ्या दिवशी फुटलं, कपाटातल्या लाकडी पाटीकडे नजर गेली तेव्हा.

अंबरनाथच्या एका शाळेच्या मागच्या खोलीत शालिनीताई मेंदूच्या, विचारशक्तीच्या चाचण्या घ्यायच्या. ब्याऐंशी-त्र्याऐंशीत मी त्यांच्या हाताखाली लागले. पाटीवर तीन खुंट्या, त्यांत रंगीत कड्या. एका वेळी एकच कडी हलवून चित्रातल्यासारखी मांडणी करायची. सात वर्षांचं पोर असो की डोक्याला मार लागलेला कारखान्यातला फिटर, पाटी तीच. "पहिली कडी उचलण्याआधी किती थांबतो ते बघ गं. पुढचा विचार तिथंच दिसतो," ताई सांगायच्या. मुलाला घेऊन येणारी उल्हासनगरची एक सिंधी बाई दर वेळी विचारायची, "दीदी, पास हुआ ना?" ताई हसायच्या, "इसमें पास-फेल नहीं होता, भाभी." पण शिस्तीला भारी कडक. एका रडवेल्या मुलीला मी डोळ्यांनी खूण केली, तर ताईंनी तिच्या आकड्यांचा कागदच फाडला. समोरच्यानं काहीही विचारलं तरी आपलं उत्तर एकच, "तुला योग्य वाटेल तसं कर." माझ्या तोंडात ते इतकं बसलं की घरी भाजी कुठली करू विचारलं तरी तेच निघायचं.

पंचाण्णवच्या सुमारास ताईंच्या मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशननंतर त्या मांजर्लीच्या घरी एकट्याच राहायच्या. दोनदा गॅस चालू राहिला, तसा भाऊ त्यांना नाशिकला न्यायला आला. ताई हट्टाला पेटल्या, "माझं घर मी सोडायची नाही!" डॉक्टर म्हणाले, चाचणी करा, मग ठरवू. चाचणी घेणारी आमच्याकडे दुसरी होती कोण? मीच मेली.

त्यांच्याच टेबलावर मी पाटी मांडली. ताई थांबल्याच नाहीत. लाल कडी झटकन उचलली, ठेवली, परत तीच उचलली, मधल्या खुंटीत घातली... आणि माझ्याकडे बघितलं. बाहेर भाऊ येरझारा घालत होता.

"आता काय करू गं?"

"तुम्हाला योग्य वाटेल तसं करा," मी म्हटलं.

आकडे मी खरेच लिहिले. खोटे लिहिले असते तर गॅसची भीती होती, आणि ताईंनी मला तसं शिकवलंही नव्हतं. पास-फेल नसतं म्हणे! आठवड्यात घराला कुलूप लागलं. नाशिकला त्या दोन महिने काढू शकल्या, बस्स.

पाटी माझ्याकडेच राहिली. लाल कडी अजून मधल्या खुंटीत आहे, त्यांनी सोडली तशी. धूळ पुसते, पण कडीला हात लावत नाही. पुढची चाल मला तेव्हाही ठाऊक होती.