कापसाच्या गंजीतलं कासव

त्या वर्षी घर कापसाचं होतं आणि आम्ही त्याच्याकडे बिनभाड्याने राहत होतो. भाव इतका पडला होता की घाटंजीच्या आसपास कुणीच कापूस विकायला तयार नव्हतं. जो तो घरातच भरून ठेवायचा आणि भाव कधी चढतो त्याची वाट बघायचा. आमची मागची खोली छतापर्यंत भरली, पडवी भरली. सासूबाई, सासरे आणि मी अशी तीन माणसं स्वयंपाकघरात अंग चोरून बसायचो. (आमचे हे नोकरीला नागपुरात. सुटले बिचारे!) मोकळी होती ती फक्त समोरची खोली. तिथे भिंतीतल्या कोनाड्यात माझा माहेरून आलेला टीव्ही बसवला होता.

आता कबूल करते. डी.एड. झालेली, लग्नाला तीन महिने झालेली मी, लहान मुलांचं कार्टून बघत होते! सरकारी वाहिनीवर भुलोबा नावाचं एक म्हातारं कासव यायचं. ते आपलं घर विसरलं होतं. दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता ते एखादं दार ठोठवायचं आणि घोगऱ्या आवाजात विचारायचं, "मी परत आलोय. हे माझंच घर ना?" दर वेळी उत्तर यायचं, नाही. मी तिसरीत असताना हे सुरू झालं आणि माझी हळद लागली तरी त्याला घर सापडलं नव्हतं. आणि त्या गुरुवारी शेवटचा भाग होता. भुलोबाला घर मिळतं की नाही, हे मला कळायलाच हवं होतं. सासरी असलं काही सांगायची सोय नव्हती.

लोडशेडिंगमुळे लाइट सहाला यायची. एक क्षणही चुकू नये म्हणून मी दुपारीच टीव्हीचं बटण दाबून, आवाज पूर्ण वाढवून ठेवला. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन अंगणात भांडी घासायला बसले, तोच सासरे ट्रॉली घेऊन दारात हजर.

"शेवटचा वेचा आणला. समोरच्या खोलीत भरा!"

"मामाजी, तिथं टीव्ही आहे," मी म्हणाले.

"त्याले काय होते? चादर टाक त्याच्यावर!"

बटण चालू आहे, एवढंच सांगायचं होतं. पण लाइट नसताना चालू काहून, असं विचारलं असतं तर? नव्या सुनेची लाज आडवी आली. मी मुकाट्याने चादर टाकली, वरून कापूस पडला, आणि सासूबाईंबरोबर मीही तो तुडवला. माझा टीव्ही मी माझ्या पायांनी गाडला!

सहा वाजता लाइट आली. दिवा कमी दाबाने पिवळट पेटला. आम्ही तिघं दारात चहा घेत होतो, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीतून आवाज आला.

टक. टक. टक.

कापसात आवाज बुडतो. संगीत, पक्षी, पोरांचा हशा, सगळं त्याने गिळलं. राहिला फक्त तो घोगरा आवाज, आणि तोही एका जागेहून नव्हे, सगळ्या गंजीतून.

"मी परत आलोय. हे माझंच घर ना?"

सासऱ्यांच्या हातातली बशी खाली पडली. त्यांचे वडील याच खोलीत, याच दिवसांत गेले होते.

"बाबा..." सासरे पुटपुटले. "पण बाबा असं शुद्ध कधीच बोलत नव्हते."

"वर जाऊन शिकले असन!" सासूबाई म्हणाल्या. त्या थरथरत पुढे झाल्या आणि त्यांनी कापसाला हात लावला. "व्हय मामाजी, तुमचंच घर आहे."

गंजीच्या माथ्यावरून एक बोंड घरंगळत खाली आलं. मला सगळं ठाऊक होतं, तरी माझ्या अंगावर सरसरून काटा आला. कारण आतून लगेच विचारणा झाली, "मग इतके दिवस दार का नाही उघडलं?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो टीव्ही तापतो! अर्ध्या तासात त्यावर भाकरी शेकावी इतका. भोवती वर्षभराचा कापूस. एक ठिणगी, आणि घर, अंगण, सासर, सगळं खलास. मी त्याच क्षणी ओरडायला हवं होतं. मी ठरवलं, भाग संपला की ओरडू! (माणसाची परीक्षा अशा वेळी होते. मी नापास झाले.)

इकडे सासऱ्यांचा धीर सुटला. त्यांनी हात जोडले. "बाबा, माफ करा जी! तो पांढरा बैल साप चावून नाही मेला. म्या पत्त्यात हरलो व्हतो."

"काय?" सासूबाई गर्रकन वळल्या. पण मेलेल्या सासऱ्यांसमोर नवऱ्याला झापायचं कसं? त्यांनी राग माझ्यावर काढला. "पाहून काय राह्यली वं? मामाजी एवढ्या दुरून आले, त्याईले चहा नाही टाकत? जाय! बिनदुधाचा, गूळ घालून!"

"आत्ता?"

"नाही तं काय दिवाळीले?"

मी चुलीपाशी धावले. आयुष्यात इतक्या हळू उकळलेलं पाणी मी पाहिलं नाही. भिंतीपलीकडे भुलोबा काहीतरी सांगत होता, शब्द मात्र कळत नव्हते. मी कप भरला आणि लाइट गेली.

परत आले तर खोलीत नुसता करडा उजेड. सासूबाई कापसात कान खुपसून उभ्या होत्या. गालावरून पाणी वाहत होतं.

"काय म्हणाले शेवटी?" माझा जीव कंठाशी आला होता.

"ते माह्यात अन् त्याईच्यात," त्यांनी डोळे पुसले. "सासरा सुनेले सांगते, ते कोणाले सांगायचं नसते."

मग मी सगळं सांगून टाकलं. कासव, बटण, शेवटचा भाग, सगळं! सासऱ्यांनी कंदील दूर ठेवायला लावला आणि अर्धा कापूस उपसला. चादरीत हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. माझ्याकडे बघितलं. मग अंगठ्याने हळूच बटण बंद केलं. बैलाची कबुली एका कासवापुढे दिली, हे गावाला कळण्यापेक्षा बाबा आलेलेच बरे, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"टीव्ही तं बंदच आहे, सूनबाई," ते म्हणाले.

भुलोबाला घर मिळालं का, ते मी कितीजणांना विचारलं. त्या दिवशी सगळ्या तालुक्याचीच लाइट गेली होती. दुसरीकडच्या लोकांना आठवत नाही. सासूबाईंना मात्र शब्द न् शब्द पाठ आहे. "वेळ आली का सांगीन," असं त्या वीस वर्षं म्हणताहेत. मी त्यांचे पाय चेपते, डोक्याला तेल लावते, दुपारी गरम भाकरी वाढते. अशी सून दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही, असं गावभर बोललं जातं. त्यांना काय सांगू, मी कार्टूनच बघतेय, अजून!