गायके सरांचं विस्कॉन्सिन

किस्से काही कुणी जमवायला जात नाही. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कपाटावर जुने पेपर साचायचे, टेबलावर चहाचे कप साचायचे आणि उरलेल्या जागेत किस्से! पेपर रद्दीत गेले, कप फुटले. किस्से मात्र रिटायर झाल्यावर माझ्या घरी राहायला आले. त्यातले निम्मे एकट्या गायके सरांचे.

गायके सर इतिहास शिकवायचे, मी मराठी. सर वैजापूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. आणि त्यांचा जन्मभराचा विषय काय, तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या विधिमंडळात शंभर वर्षांपूर्वी कोण कोण बसायचं! शेतकरी किती, वकील किती, कोण नॉर्वेहून आलेला, कोण जर्मनीहून. कॉलेजला भेट आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात त्या सभागृहाचे जुने अहवाल निघाले आणि सर त्यात शिरले ते शिरलेच.

मी एकदा विचारलं, "सर, आपलं सोडून तिकडचं कशाला?"

"मॅडम, मी लहान असताना आमच्याकडं निजामाचा हुकूम यायचा. आम्हाला कोण विचारतंय! मग पोलिस ॲक्शन झाली, पुढं निवडणूक आली, अन् माझा बाप धुतलेलं धोतर नेसून मत टाकून आला. घरी येऊन मला म्हणाला, 'तिथं आपल्यावानी मान्सं बसत्यात म्हनं, खरं का रं?' तेच बघतोय अजून!"

माझे डोळे भरून आले. सर म्हणाले, "चहा सांगा की."

* * *

एकदा सर घरी गेले ते तोंड पाडूनच. ताट वाढलेलं, पण सर जेवेनात. कुसुमवहिनी घाबरल्या. "कोन गेलं? गावाकडून निरोप आला का?"

"नाही गं. तो सुतार होता ना, पहिल्यांदाच निवडून आलेला? अधिवेशन सुरू झालं अन् तापानं गेला. सभागृहात एक शब्द बोलायला मिळाला नाही बिचाऱ्याला."

"कवा गेला?"

"अठराशे..."

"मंग जेवा गुमान! त्येचं तेरावं होऊन शंभर वर्सं झाली!"

हे मला वहिनींनीच सांगितलं, पदर तोंडाला लावून हसत. मग हळूच म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी मीच देवापाशी एक वात जास्त लावली, बाई. त्येचं कोन हाय हितं!"

* * *

उर्दूचे सिद्दीकी सर म्हणजे गायके सरांचे जिवलग मित्र आणि स्टाफरूममधला कायमचा विरोधी पक्ष.

"गायके, तुमच्या त्या सभागृहात सगळ्यात जास्त कोण होते?"

"शेतकरी."

"आणि बोलायचं कोण?"

"वकील."

"मग शेतकरी काय करायचे?"

"पेरणी जवळ आली की घरी जायची घाई करायचे."

सिद्दीकी सरांनी कप खाली ठेवला. "मियाँ, एवढंच बघायचं होतं तर वैजापूरची तहसील काय वाईट होती? सकाळच्या एस.टी.नं जाऊन संध्याकाळी परत आला असतात!"

* * *

सरांची शिकवायची रीतही न्यारी. वर्गातच विधिमंडळ भरवायचे. प्रत्येक पोरापोरीला एक मेंबर वाटून द्यायचा. त्याचं नाव घ्यायचं, त्याचा धंदा घ्यायचा आणि वर्षभर त्याच्या डोक्यानं बोलायचं. सर सभापती.

भागिनाथ नावाच्या पोराच्या वाट्याला लाकडाच्या गिरणीचा मालक आला. पहिल्याच दिवशी उठून म्हणतो, "सभापती महोदय, कांद्याला भाव न्हाय!"

"अरे, तू गिरणीमालक ना? विस्कॉन्सिनात कांद्याचं काय काढलंस?"

"खात असतीलच की, सर! आमच्या वैजापूरचा घ्या म्हनावं!"

ठराव एकमतानं मंजूर झाला. सभापतींचाही इलाज चालला नाही!

* * *

त्याच वर्गात शहनाज होती. तिच्या वडिलांचं, करीमभाईंचं, शहागंजात कापडाचं दुकान. पोरगी हुशार, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. तिच्या वाट्याला आला हॅन्सन नावाचा नॉर्वेचा शेतकरी. त्या सभागृहात बाई एकही नव्हती, त्यामुळे पोरींनाही पुरुषच व्हावं लागे. बाकीच्या पोरींनी कुरकुर केली. शहनाज मात्र हॅन्सन झाली आणि अशी बोलायला लागली की वकील गप्प! शाळा हवी, पूल हवा, आमच्या गावाला मास्तर का नाही? पोरं तिला कॅन्टीनमध्येसुद्धा "हॅन्सनसाहेब" म्हणायची.

एक दिवस माझ्याजवळ येऊन ती रडली. जालन्याचं स्थळ आलं होतं आणि त्या लोकांना कॉलेजात जाणारी मुलगी नको होती. "अब्बा कधीपण येऊन कॉलेजातून नाव काढतील, मॅडम. माझं बी.ए. राहून जाईल."

मी सरांना सांगितलं. सर नुसतं "हं" म्हणाले. मला असा राग आला! परदेशातल्या मेलेल्या मेंबरासाठी जेवण सोडतात आणि इथल्या जिवंत पोरीसाठी नुसतं "हं"!

* * *

आणि करीमभाई आलेच. वर्ग ऐन रंगात आलेला. दारातच उभे राहिले. माझा तास शेजारच्या खोलीत होता, आवाज एकदम थांबला म्हणून मी बाहेर आले.

"सर, बच्ची कू लेने आया. कल से नै आएंगी."

सर उठून उभे राहिले. "करीमभाई, तुमची मुलगी इथं मेंबर आहे. अधिवेशन चालू असताना सभागृहानं रजा दिल्याशिवाय मेंबरला जाता येत नाही. हा नियम माझा नाही, तिकडचा आहे. जुना."

करीमभाईंनी क्षणभर विचार केला. "कायदा है तो कायदा है. पूछो."

सरांनी रजेचा अर्ज मतास टाकला. लगेच भागिनाथ उठला. "सभापती महोदय, हॅन्सन गेले तर शेतकऱ्याकडून बोलनार कोन? आमी गिरनीवाले लुटून खाऊ!" मतं घेतली. रजा द्यायच्या बाजूनं एकही हात वर झाला नाही.

करीमभाई मुलीकडं वळले. "तेरे कू क्या बोलना है, बेटा?"

शहनाज उठली.  बापाकडं न बघता, रिवाजाप्रमाणे सरांकडं तोंड करून ती म्हणाली, "सभापती महोदय, मला हे अधिवेशन पूर्ण करायचं आहे."

 करीमभाईंनी घसा खाकरला. "ये इजलास कब तक चलता, सर?"

"बी.ए.च्या निकालापर्यंत."

"उसके बाद तो छुट्टी?"

"त्यानंतर वरचं सभागृह असतं," सर गंभीरपणे म्हणाले. "एम.ए."

वर्ग हसला. करीमभाई हसले नाहीत. टोपी सारखी केली आणि मुलीला तिथंच सोडून एकटे निघून गेले. माणूस मानला की चिडला, काही कळायला मार्ग नव्हता. शहनाजचा चेहरा पांढरा पडलेला. संध्याकाळी घरी जायला तिचा पाय निघेना. मीच तिला शहागंजाच्या कोपऱ्यापर्यंत सोडून आले. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे उगाचच गेटपाशी घुटमळत होतो. गायके सर तर तासाच्या कितीतरी आधी येऊन उभे. भागिनाथ आणि त्याची मंडळी नेहमीसारखी वाट अडवून गप्पा हाणत होती. मागून सायकलची घंटी जोरात वाजली. बघतो तर करीमभाई, आणि कॅरियरवर शहनाज, वह्या छातीशी धरून!

घंटी वाजवत करीमभाई पोरांवर ओरडले, "हटो रे पोट्टे हो! हॅन्सनसाहब कू देर हो रई!"