तांब्या धोंडीरामने दिला

रोजा एकट्याने धरायचा असतो. पण खोलीत तिघे राहत असतील तर त्याचे किस्से तिघांचे होतात, आणि एक सांगायला बसलो की मागून दुसरा येतोच.

सन एकोणीसशे पंचेचाळीस. त्या साली श्रावण आणि रमजान एकाच चंद्राला लागले. मी सतरा वर्षांचा, उंब्रजच्या पिंजाऱ्याचा मुलगा. माधवनगरला विणकाम शिकायला आलो होतो. निघताना अब्बांनी एकच अट घातली, "घराबाहेर एक जरी रोजा सुटला, तर शिक्षण बंद. वळकटी बांधायची आणि परत यायचं."

खोलीत माझ्याबरोबर दोघे. वाईच्या भटजींचा बंडू आणि आटपाडीकडचा धनगर धोंडीराम. अट दोघांनाही ठाऊक होती.

*

पहिल्या श्रावणी सोमवारी बंडू म्हणाला, आज मीही तुझ्या जोडीला उपाशी. सकाळी त्याने दूध-केळी घेतली. दहाला साबुदाण्याची खिचडी. दुपारी रताळी, मग शेंगदाण्याचे लाडू. चार वाजता पोट दुखतं म्हणून आडवा झाला.

धोंडीराम त्याच्याकडे बघत बसला होता. म्हणाला, "गड्या, असला उपास रोज धर. अंगानं भरशील."

*

आम्ही जेवायला शिवाक्काच्या खानावळीत जायचो. बाई लिंगायत, बोलणं अर्धं कानडी. पहाटे खायला रात्रीची भाकरी बांधून द्या, एवढंच मी मागितलं होतं. शिळ्यावर उपास धरतात का, असं विचारून तिने मलाच झापलं. दुसऱ्या दिवसापासून तिची चूल पहाटे पेटू लागली.

गरम भाकरीचा वास सगळ्या आळीत जायचा. आठवड्याभरात पहाटेच्या पंगतीला आम्ही सहा जण झालो. रोजा माझा एकट्याचाच होता.

*

धोंडीराम स्वतःहून माझ्या रोज्याचा राखणदार झाला. मेंढरं राखलेला माणूस, त्याची नजर हलायची नाही. मी नदीत बुडी मारून वर आलो की काठावरून हुकूम यायचा, "थुक." मी थुंकायचो. "अजून एकदा थुक." मी पुन्हा थुंकायचो. पाचव्या दिवशी मी अंघोळीला विहीर धरली. तर तिथेही काठावर हा बसलेला.

*

मशीद लांब, आणि ढगांमुळे सूर्य दिसायचा नाही. लढाईपायी घड्याळं तासभर पुढे केलेली होती, त्यामुळे दिवस आठाच्या सुमारास मावळायचा. गिरणीचा भोंगा आठला व्हायचा. तो झाला की मी रोजा सोडायचो.

एके दिवशी आभाळ फार दाटून आलं होतं. मी भिंतीला टेकून पेंगत होतो. भोंगा झाला. धोंडीरामने तांब्या माझ्या हातात दिला. म्हणाला, "घे, सुटलास." मी पाणी प्यालो, खजूर खाल्ला.

तेवढ्यात बंडू धावत आला. जपान पडला, लढाई संपली, त्या आनंदात गिरणीने माणसं लवकर सोडली, असं सांगू लागला. मग त्याला माझ्या हातातला तांब्या दिसला. सात वाजले होते.

उरलेला तास मी तसाच बसून काढला. त्या दिवशी धोंडीराम खानावळीत आला नाही.

*

ईदला घरी गेलो. अब्बांपासून काही लपवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. सांगितलं. अब्बा उठून कापूस पिंजायला बसले. बोलले असते तर बरं झालं असतं.

सुटलेला रोजा ईदनंतर धरून फेडायचा असतो. माधवनगरला परतल्यावर मी तो धरला. नेमके त्याच दुपारी अब्बा दारात उभे. म्हणाले, "वळकटी बांध." मी बांधली. वाद घालायची आमच्यात पद्धत नव्हती.

धोंडीराम कोपऱ्यात बसला होता. ओठ सुकलेले. अब्बांनी विचारलं, हा आजारी आहे का?

"न्हाई चाचा," धोंडीराम म्हणाला. "तांब्या म्या दिला हुता. चूक माजी हाय. म्हून म्याबी धरलाय."

अब्बांनी बंडूकडे पाहिलं. बंडू म्हणाला, पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही, मी समोरच बसून आहे.

अब्बा उंबऱ्यावर टेकले. संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. खानावळीतून चहा आला, तो त्यांनी परत पाठवला. आभाळ त्या दिवशी मोकळं होतं. दिवस बुडाला तसे ते उठले. भोंग्याची वाट पाहिली नाही. आत येऊन त्यांनी माझ्या वळकटीची गाठ सोडली, तांब्या भरून आणला आणि आधी धोंडीरामच्या हातात दिला, मग माझ्या.

"फिटला," म्हणाले.