राबात जळालेली वायर

आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या आमच्या वाडीत इंटरनेटची वायर आली आणि महिन्याच्या आत ती मीच जाळली. उगाच कशाला लपवू?

भात पेरायच्या जागेवर आधी फांद्या, शेण, पाला रचून भाजतात, त्याला आम्ही राब म्हणतो. वायरवाल्यानं ओढ्यापासून दारापर्यंत खांब न रोवता वायर बांधावरून तशीच सोडलेली. मी पाला पसरला तो नेमका तिच्यावर. काडी लावली. थोड्या वेळानं घरातून सून ओरडली, "आई, नेट गेलं!"

दुसऱ्या दिवशी अकराला तिची व्हिडिओवर मुलाखत होती. घरी बसून करायची नोकरी. ती हुकली की मुलगा आणि सून कामासाठी चाकणला राहायला जाणार, खोलीसुद्धा बघून ठेवलेली.

बोलण्यापुरती रेंज टेकडीवर मिळते. धापा टाकत चढले आणि वायरवाल्याला फोन लावला. म्हणाला, "मावशी, माणसं न्हाईत. चार दिवस लागतील."

"तुझी माणसं कशाला पायजेत? खांब आमी रोवतो, वायर आमी वढतो. तू निस्ता जोडायला ये. न्हाई आलास तर राजुरीला तुझ्या दारात येऊन बसंन!"

भात लावायला आमच्यात सावड असते, आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. मी घरोघर हिंडून वायरीसाठी सावड मागितली. धाकटा दीर म्हणाला, "वैनी, जाळायची तुमी आन् खड्डे आमी खांदायचे व्हय?" पण पहार घेऊन पहिला तोच आला. दुपारपर्यंत ओढ्यापासून दारापर्यंत बांबू उभे. वायरवाला नवी वायर घेऊन आला तो बघतच राहिला. "लई भारी, राव!" आम्ही वायर ओढली, त्यानं जोडली, दिवस मावळायच्या आत नेट सुरू.

सकाळी मी दाराआड कान लावून उभी. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "खेड्यात नेट बंद पडलं तर काम कसं कराल?" मेले! आता काय सांगते ही?

"कालच बंद पडलं होतं, मॅडम," सून म्हणाली. "आमच्या सासूबाईंनी अख्खी वाडी गोळा करून संध्याकाळपर्यंत सुरू केलं."

कुणी जाळलं, ते काही बोलली नाही गुणाची पोर. नोकरी मिळाली. मुलानं चाकणला फोन करून खोली नको म्हणून सांगितलं, तेव्हा मी ओट्यावर बसून सगळ्यांदेखत हमसून हमसून रडले.